डॉ. वसंत रामजी खानोलकर

गिरगावाहून अथवा लालबागेहून परळास जाणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांनी टाटा स्मारक रुग्णालयाची इमारत बाहेरून पाहिली असेल. आत जाण्याचा प्रसंग कोणावरही न येवो, असेच जो तो म्हणतो. कित्येक घरांत तर त्या रोगाचे नावही उच्चारीत नाहीत. ज्या पुरुषाने त्याच रोगाच्या शोधार्थ आपले आयुष्य वेचले, त्याचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी दूर क्वेट्टा येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे अध्ययन करून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली, आणि पुढे मुंबईत त्याच शास्त्राचे अध्यापन आरंभिले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या काळी कर्करोग म्हणजे दैवाचा अथवा पूर्वकर्माचा फेरा, अशी समजूत सर्वत्र होती. खानोलकरांनी रोग्याच्या तोंडाबरोबर त्याची पानसुपारीची चंचीही तपासली, असे म्हटले तरी चालेल! मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढील वर्षी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील चालीरीती व कर्करोग यांचा संबंध दाखविला. कमरेस धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षे कातडी घासल्याने होणारा रोग हे त्यांतील एक उदाहरण. मनुष्याच्या सवयी शरीरावर काय परिणाम करितात, हे सामान्य जनांस पटेल असा हा पुरावा होता.

परंतु सवयींनी सर्व उलगडा होत नव्हता. एकाच चाळीत राहूनही पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातीतच सोयरीक करणारे समाज मुंबईत शेजारी शेजारी नांदत होते. अशा सहा समाजांतील रक्तगटादी सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद त्यांनी एल. डी. संघवी यांच्यासह १९४९ साली प्रसिद्ध केली. कोणत्याही जातीस दूषण देण्याचा हा उद्योग नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण असल्या माहितीचा दुरुपयोग करण्याचा मोह आपल्या समाजास लवकर होतो. त्याच साली त्यांच्या शिष्या कमल रणदिवे यांस डॉक्टरेट मिळाली. स्तनांचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे आपल्या देशात प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत त्या बाईंची गणना होते.

१९५२ साली परळास भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, ते खानोलकरांच्याच नेतृत्वाखाली. महारोगावरही त्यांनी मोलाचे काम केले. १९६० ते १९६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात, १९९४ व १९९५ साली, परदेशी शास्त्रज्ञांनी स्तनांच्या व बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंधित असे बीआरसीए नावाचे दोन जनुक शोधून काढिले. आता थोडे रक्त देऊन त्यांतील दोष पाहता येतो. स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे पाच ते दहांच्याच बाबतीत रोग असा वारशाने आलेला असतो. आणि दोष आढळला म्हणजे रोग होणारच, असेही नाही. वेळेवर तपासणी मात्र सुरू करता येते. तरीही घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो मुलीच्या लग्नाचा. मावशीचे आजारपण कार्य उरकेपर्यंत झाकून ठेविल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत, आणि ती मंडळी काही अडाणी नव्हेत.

हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, व दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. पण चौकशी होते ती बहुधा आईच्या माहेरची. वडिलांच्या आत्या-बहिणी कशाने गेल्या हे कोणी विचारीत नाही, आणि वडीलही आपण होऊन सांगत नाहीत.