क्षयाचा जंतू आणि त्याला गिळणारी पेशी: मेचनिकॉव्ह यांची गोष्ट

खोकला थांबला, वजन वाढलं, तरी टीबीच्या गोळ्या किमान सहा महिने कशाला, असं तुम्हाला वाटत असेल तर एली मेचनिकॉव्ह यांच्याबद्दल वाचा. दही खाऊन आयुष्य वाढतं, या त्यांच्या मताची जगभर चर्चा झाली. त्यांचं मोठं काम मात्र वेगळंच आहे.

त्यांचा जन्म 1845 चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीवजवळचा. 1869 मध्ये त्यांनी ल्युडमिलाशी लग्न केलं, तेव्हा ती क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालट, शुश्रूषा, सगळं झालं. 1873 मध्ये मदेरा बेटावर ती गेली. मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फिन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. मात्रा जास्त झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले.

1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेचनिकॉव्ह इटलीत मेसिना इथे होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! या पेशी शत्रूला गिळून पचवतात, हे त्यांनी दाखवलं. त्या भक्षक पेशी. 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

आता गंमत पाहा, खरं तर दुर्दैव. ल्युडमिलाचा जीव घेणारा जंतू नेमका याच भक्षक पेशींत मुक्काम करतो. पेशी त्याला गिळते, पण पचवणारा रस त्याच्यापर्यंत पोहोचू नये अशी सोय तो करून ठेवतो. रक्तातली प्रतिपिंडं पेशीच्या आत शिरत नाहीत. मग टी-पेशी धावून येतात. इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडून त्या भक्षक पेशीला जागं करतात, आणि ती आतला जंतू मारू लागते. जे मरत नाहीत, त्यांच्याभोवती पेशींची गाठ बनते. त्यात काही जंतू वर्षानुवर्षं सुस्त पडून राहतात. बहुतेकांना त्याचा त्रास कधीच होत नाही. मांटू चाचणीत हातावर येणारी गाठ ही टी-पेशींची आठवण असते. ती आली म्हणजे आजार आहेच, असं नव्हे.

हे टी-पेशींचं काम 1916 मध्ये पॅरिसला वारलेल्या मेचनिकॉव्ह यांना ठाऊक नव्हतं.

गोळ्यांनी भराभर वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून तुम्हाला लवकर बरं वाटतं. सुस्त जंतू संपायला महिने लागतात. एचआयव्ही, काबूत नसलेला मधुमेह, स्टेरॉइड किंवा संधिवाताची काही इंजेक्शनं यांनी ती गाठ ढिली पडू शकते. अशी औषधं सुरू करायच्या आधी घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, वीस वर्षं झाली असली तरी.