बटाट्यातलं रहस्य उलगडणारी इंदूरची लेक : डॉ. कमला सोहोनी

ग्वाल्हेर : गाजराच्या पेशींत औषध तयार होतं, असं सांगितलं तर पटकन विश्वास बसत नाही. पण गोशे नावाच्या दुर्मिळ आजारावरचं एक एन्झाइम असंच बनतं. गाजराच्या पेशींत माणसाचं जनुक घालतात आणि त्या पेशी एन्झाइम तयार करतात. अमेरिकेने २०१२ मध्ये या औषधाला मंजुरी दिली. वनस्पतीच्या पेशीत काय चालतं, हे आधी कुणीतरी शोधलं म्हणूनच हे जमलं. त्या शोधकऱ्यांत एक मराठी बाई होत्या, आपल्या ग्वाल्हेरसारख्याच मराठी वस्तीच्या इंदूरात जन्मलेल्या.

कमला भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी वरच्या क्रमांकाने झाली आणि त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत, सत्याग्रहच केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! वर्षभरात काम बघून रामन यांचं मत बदललं. पुढे इतर मुलींनाही दार उघडलं.

तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनाला लागणारं हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध जेमतेम ४० पानांचा, पण १९३९ मध्ये पीएचडी मिळाली.

परदेशात राहणं सहज शक्य होतं, तरी त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. इथे त्यांनी नीरेवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना स्वस्तात पोषण मिळावं, हा हेतू. या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही उशिरा मिळालं.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आज कुणी वनस्पतीतून औषध काढलं की आपण परदेशाकडे बघतो. एकदा इंदूरकडेही बघावं.