गुप्त नभोवाणी

गुजरातेत सुरतजवळ सारस नावाचे खेडे आहे. तेथे २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश होते. अशा घरातील मुलीने चळवळीत पडणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. परंतु उषेचा ओढा लहानपणापासून तिकडेच होता. १९२८ मध्ये सायमन कमिशनविरुद्ध मुलांची मिरवणूक निघाली, तेव्हा आठ वर्षांची उषा तीत सामील झाली. पोलिसांच्या लाठीमारात झेंडा धरलेली एक मुलगी झेंड्यासह खाली पडली. ही गोष्ट मुलांच्या मनाला फार लागली. पुढील मिरवणुकीत ती झेंड्याच्या रंगांचे कपडेच घालून आली. हातातला झेंडा हिसकावता येतो. अंगावरचा कोण उतरविणार?

वडील निवृत्त झाल्यावर १९३२ मध्ये हे कुटुंब मुंबईस आले. उषाबेन १९३९ साली विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या. तो अभ्यास पुरा व्हावयाचा नव्हता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. १६ ऑगस्टला आष्टी व चिमूर येथे रक्त सांडले. ९ सप्टेंबरला नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. देश पेटला होता. पण एका गावची हकीकत दुसऱ्या गावाला समजणे दुरापास्त झाले होते. बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी इत्यादी तरुण मित्रांसह उषाबेननी ठरविले की, आपली स्वतंत्र नभोवाणी सुरू करावयाची.

पण यंत्र आणावे कोठून? १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच सरकारने हौशी रेडिओचालकांवर बंदी घातली होती व आपापली यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला होता. तरीही मुंबईत त्या विद्येचे जाणकार होते. नरिमन प्रिंटर हे त्यांपैकीच एक. त्यांनी सुटे भाग जुळवून प्रक्षेपक तयार केला. 'शिकागो रेडिओ'चे मालक नानक मोटवानी यांनी साहित्य व तंत्रज्ञ पुरविले.

असा प्रक्षेपक म्हणजे काही जादू नव्हे. निर्वात नलिकेच्या साहाय्याने विजेची अतिशय जलद आंदोलने निर्माण करावयाची. बोलण्याने ध्वनिग्राहकात उत्पन्न होणारा क्षीण प्रवाह दुसऱ्या नलिकांनी वाढवावयाचा. मग त्या प्रवाहाच्या चढउताराप्रमाणे आंदोलनांचा जोर कमीअधिक करून ती उंच ताणलेल्या तारेवाटे आकाशात सोडावयाची. काँग्रेस रेडिओची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती. म्हणजे तारेत दर सेकंदास सुमारे ७० लाख ८० हजार आंदोलने होत. अशा लघुलहरी वातावरणातील फार उंचावरच्या विद्युत्भारित थरावरून पुन्हा पृथ्वीकडे वळतात. त्यामुळे मुंबईतील एका खोलीत उच्चारलेले शब्द शेकडो मैलांवर ऐकू येत.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिला कार्यक्रम प्रक्षेपित झाला. आपण हिंदुस्थानातच कोठूनतरी बोलत आहोत, एवढेच निवेदनात सांगण्यात येई. उषाबेन हिंदीतून बातम्या देत. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांचेही साह्य मिळाले. आष्टी-चिमूरच्या लोकांवर झालेले अत्याचार, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, वर्तमानपत्रांत न छापलेली अशी वृत्ते लोकांना या नभोवाणीवरून कळू लागली. शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजविली जाई.

संकट मात्र त्या लहरींतच दडलेले होते. ज्या लहरी श्रोत्यांपर्यंत पोचत, त्याच पोलिसांनाही वाट दाखवीत. वेटोळ्या तारेची आकाशतार फिरवून लहर कोणत्या दिशेने येते ते ओळखता येते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून काढलेल्या दिशारेषा जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक असतो. असे शोधयंत्र बसविलेल्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवरून फिरू लागल्या. म्हणून या मंडळींनी चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी अशा नाना ठिकाणी बिऱ्हाडे बदलली. पुढे तर बोलणे एका जागी मुद्रित करावयाचे व प्रक्षेपण दुसरीकडून करावयाचे, अशी व्यवस्था झाली. यंत्रांना पकडता आले नाही, ते अखेर माणसाच्या फितुरीने साधले. यंत्र जुळविणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती सापडला आणि त्याने ठिकाण सांगितले.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस दार फोडून आत शिरले, तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. ती बंद करण्याचा हुकूम झाला. उषाबेननी तो मानला नाही.

यानंतर जवळजवळ सहा महिने त्यांची चौकशी चालली. त्यांना एकान्तवासात ठेवले. सहकाऱ्यांचा भेद सांगितल्यास शिक्षणासाठी परदेशी पाठवू, असे आमिषही दाखविले. दररोज साऱ्या देशाशी बोलणाऱ्या उषाबेन आता एक शब्दही बोलेनात. उत्तरे देण्याचे बंधन आपल्यावर आहे काय, एवढेच त्यांनी न्यायालयात विचारले. तसे बंधन नाही असे कळताच त्यांनी शेवटपर्यंत एकाही प्रश्नास उत्तर दिले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांची प्रकृती फार ढासळली. १९४६ च्या मार्च महिन्यात त्यांची मुक्तता झाली.

पुढे गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहून उषाबेननी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. विल्सन कॉलेजात त्यांनी तीस वर्षे शिकविले. साधी खादी व साधी राहणी त्यांनी कधी सोडली नाही. १९९८ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' देऊन गौरविले. गोवालिया टँक मैदानाला आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. ९ ऑगस्ट २००० रोजी तेथे भरलेल्या समारंभास उषाबेन अंगात ताप असतानाही गेल्या, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले.