अवघी पाच फूट चार इंच उंची, पण भारताच्या फास्ट बॉलिंगचा भार या मराठी गड्याने खांद्यावर घेतला होता

कळवा-खारेगावच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच संपली की एक वाद हमखास रंगतो. भारताचा आजवरचा सगळ्यात फास्ट बॉलर कोण?

कुणी उमरान मलिकचं नाव घेतं. 2022 च्या आयपीएलमध्ये त्याने 157 किमीचा बॉल टाकला होता. कुणी मयंक यादव म्हणतं. चाळिशीतला एखादा दादा मध्येच जवागल श्रीनाथला आणतो, कारण 1999 च्या वर्ल्डकपमध्ये श्रीनाथने दीडशेचा आकडा पार केला होता.

हे वाद जगभर चालतात. अमेरिकन फुटबॉलवालेही यात मागे नाहीत. तिथे 40 यार्ड पळायची टेस्ट असते आणि 2024 मध्ये झेव्हियर वर्दीने ती 4.21 सेकंदात मारून रेकॉर्ड केलं. पण जुनी मंडळी म्हणतात, बॉब हेजचं काय? हा गडी 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरचं गोल्ड जिंकून डलास काउबॉइजकडून फुटबॉल खेळायला आला होता.

दोन्हीकडे अडचण एकच. मशीन आलं नव्हतं तेव्हाच्या माणसाचा वेग मोजायचा कसा?

क्रिकेटमध्ये स्पीडगन नेहमीची झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. त्याआधीच्या बॉलर्सचा वेग स्कोअरबोर्डवरून आणि समोरच्या बॅट्समनची काय अवस्था झाली यावरूनच ओळखावा लागतो. भारतातल्या अशा जुन्या बॉलर्समध्ये मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांची नावं पहिली येतात. 1932 ला लॉर्ड्सवर भारताने पहिली टेस्ट खेळली तेव्हा नवा बॉल याच दोघांच्या हातात होता. पण 1940 मध्ये अमर सिंग अवघ्या 29 व्या वर्षी गेले आणि फाळणीनंतर निसार पाकिस्तानचे झाले.

त्यानंतर भारताकडे फास्ट बॉलरचा दुष्काळच पडला. त्या दुष्काळात पुढे आलेलं नाव म्हणजे रमाकांत भिकाजी देसाई.

20 जून 1939 ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. फास्ट बॉलर म्हटलं की सहा फुटी, धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर येतो. देसाईंची उंची होती पाच फूट चार इंच, अंगकाठीही किरकोळ. म्हणून सगळे त्यांना ‘टायनी’ म्हणायचे.

पण या टायनीकडे एक हत्यार होतं, बाउन्सर. एवढ्या लहान चणीच्या बॉलरचा बॉल छातीच्या वर येईल असं बॅट्समनला वाटायचंच नाही. बॉल टप्पा पडल्यावर सुळकन आत यायचा आणि मधूनच एक थेट डोक्याकडे उसळायचा. समोरचा गडी गडबडायचा.

1958-59 च्या सीझनमध्ये देसाई मुंबईकडून रणजी खेळायला उतरले आणि पहिल्याच सीझनमध्ये त्यांनी 50 विकेट्स काढल्या. सरासरी होती फक्त 11 च्या आसपास. मुंबईने त्या वर्षी रणजी जिंकली आणि तिथून पुढे सलग 15 वर्षं ती सोडलीच नाही.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजची टीम भारतात आली होती. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट या दोघांनी भारतीय बॅट्समनना अक्षरशः सळो की पळो करून सोडलं होतं. एका सिरीजमध्ये भारताने चार कॅप्टन बदलले. तरी हार काही थांबेना. त्यांच्या आगीला उत्तर द्यायला आपल्याकडे कुणीच नव्हतं.

शेवटच्या दिल्ली टेस्टमध्ये 19 वर्षांच्या देसाईंना संधी मिळाली. पिच पाटा होतं. वेस्ट इंडिजने 8 बाद 644 रन्स करून डाव सोडला. या पोराने किती ओव्हर टाकल्या असतील? 49. म्हणजे तब्बल 294 बॉल. त्यात 169 रन्स गेले, पण चार विकेट्सही मिळाल्या.

आज एखाद्या 19 वर्षांच्या फास्ट बॉलरकडून एका डावात 49 ओव्हर टाकून घेतल्या तर टीमच्या फिजिओचीच झोप उडेल. तेव्हा मात्र त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट पुढची काही वर्षं हेच चाललं.

1959 च्या इंग्लंड दौऱ्यात भारत पाचच्या पाच टेस्ट हरला. पण लॉर्ड्सवर देसाईंनी 89 रन्समध्ये 5 विकेट्स घेतल्या आणि इंग्लंडचा पहिला डाव 226 वर आटोपला. तेव्हा त्यांना 20 वर्षं पूर्ण होत होती.

मग 1960-61 मध्ये पाकिस्तानची टीम आली. दोन्ही बाजू हरायला घाबरत होत्या. पाचही टेस्ट ड्रॉ झाल्या. अशा कंटाळवाण्या सिरीजमध्येही देसाईंनी 21 विकेट्स काढल्या. तासन् तास पिचवर ठाण मांडून बसणारे हनीफ मोहम्मद त्यांच्याच बॉलिंगवर पुन्हा पुन्हा आउट झाले.

मुंबईच्या टेस्टमध्ये तर त्यांनी बॅटनेही कमाल केली. दहाव्या नंबरवर येऊन 85 रन्स ठोकले आणि विकेटकीपर नाना जोशींसोबत नवव्या विकेटसाठी 149 रन्स जोडले. भारताचा हा रेकॉर्ड पुढे कित्येक दशकं टिकला.

1965 मध्ये ब्रेबॉर्नवर न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 56 रन्समध्ये 6 विकेट्स घेतल्या. ही त्यांची टेस्टमधली सर्वोत्तम कामगिरी. पण भारताचा डाव 88 वर कोसळला आणि देसाईंची मेहनत वाया जाते की काय असं झालं. फॉलोऑननंतर दिलीप सरदेसाईंनी नाबाद 200 केले आणि मॅच वाचली.

आता प्रश्न पडतो, देसाईंना दुसऱ्या बाजूने साथ कुणाची होती?

खरं सांगायचं तर कायमची साथ कुणाचीच नव्हती. आपली पिचेस स्पिनची, कॅप्टनचा भरवसा स्पिनर्सवर. नवा बॉल फक्त चकाकी घालवण्यासाठी वापरायचा असा तो जमाना. 1967 ला बर्मिंगहॅम टेस्टमध्ये तर भारताने विकेटकीपर बुधी कुंदरनला बॉलिंगची सुरुवात करायला लावली होती. यावरून परिस्थितीचा अंदाज येईल.

देसाईंची सगळ्यात मोठी परीक्षा झाली फेब्रुवारी 1968 मध्ये, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनला. भारताला टेस्ट खेळायला लागून 36 वर्षं झाली होती, पण परदेशात एकही विजय नव्हता.

न्यूझीलंडने 350 रन्स केले. भारताच्या 9 विकेट्स गेल्या तेव्हा आपण जवळपास 50 रन्सनी मागे होतो. क्रीजवर देसाई आणि बिशनसिंग बेदी. त्यातच डिक मोट्झचा बाउन्सर देसाईंच्या तोंडावर बसला आणि जबड्याचं हाड मोडलं. तेव्हा हेल्मेट नव्हतं.

देसाई मैदान सोडून गेले नाहीत. मोडक्या जबड्याने ते खेळत राहिले. शेवटच्या विकेटसाठी 57 रन्स जोडले गेले आणि भारताचा डाव 359 वर संपला. आघाडी किती? फक्त 9 रन्स. पुढे स्पिनर्सनी काम फत्ते केलं, भारताने 5 विकेट्सनी मॅच जिंकली आणि परदेशातला पहिला टेस्ट विजय नोंदवला गेला.

देसाईंची ती शेवटची टेस्ट ठरली. ज्या बाउन्सरच्या जिवावर त्यांनी नाव कमावलं, त्याच बाउन्सरचा मार झेलून ते टेस्ट क्रिकेटमधून बाहेर पडले.

28 टेस्ट, 74 विकेट्स, सरासरी 37. आकडे बघून आज कुणी त्यांना ऑल टाइम इलेव्हनमध्ये घेणार नाही. पण त्यांच्यानंतर भारताला खऱ्या अर्थाने फास्ट बॉलर मिळायला 1978 उजाडावं लागलं. तेव्हा कपिल देव आले.

पुढे 1996-97 च्या काळात देसाई भारतीय निवड समितीचे अध्यक्षही झाले. 27 एप्रिल 1998 रोजी हृदयविकाराने मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं 58.

त्यांचा सगळ्यात फास्ट बॉल किती किमीचा होता, हे आता कुठलंच मशीन सांगणार नाही. पण पुढच्या वेळी हा वाद रंगला की स्पीडगनच्या आकड्यांसोबत दिल्लीच्या त्या 49 ओव्हर आणि ड्युनेडिनचे ते 57 रन्सही नक्की सांगा.