मोलेसरशास्त्री

घोडनदीच्या कांठीं विहीर खणणाऱ्यास झरा सांपडला म्हणजे तो ‘पाणी लागलें’ असें म्हणतो. दौंडास पाहुणा आलेला मुलगा आजारी पडला तर त्याची आईहि ‘पाणी लागलें’ असेंच म्हणते. शब्द तेच, अर्थ निराळे. हा भेद नुसत्या पाठांतरानें कळत नाहीं; शब्द वाक्यांत कसा वागतो तें पाहावें लागतें. आमच्या भाषेंतील शब्दांचें हें वर्तन टिपण्यासाठीं एका इंग्रज गृहस्थानें आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं. त्यांचें नांव जेम्स टॉमस मोल्सवर्थ.

त्यांचा जन्म १७९५ सालीं झाला. कोवळ्या वयांतच ते कंपनीच्या लष्करांत दाखल होऊन हिंदुस्थानांत आले. मराठी शिकूं लागल्यावर पुरेसा कोश नाहीं असें पाहून ते स्वतःच शब्द जमवूं लागले. १८२५ सालीं सरकारनें ह्या कामास मंजुरी दिली. मुंबईस टॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू आणि ब्राह्मण पंडित ह्यांच्या साहाय्यानें तें चाललें, व १८३१ सालीं सुमारें ४०,००० शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.

ह्या कोशाची थोरवी केवळ संख्येंत नाहीं. शब्द संस्कृत कीं फारशी, अरबी कीं हिंदी, नामाबरोबर कोणतें क्रियापद येतें, कोणती विभक्ति लागते, हें सर्व त्यांत खुणांनीं दाखविलेलें आहे. काळजी ‘करणें’ निराळें आणि काळजी ‘घेणें’ निराळें! अर्थ अचूक लिहून वाक्यांत मात्र ‘तो काळजी आहे’ असें लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं अशा खुणा अवश्य पाहाव्या.

पुढें, शिपाईगिरी ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं अशी त्यांची खात्री झाली. त्यांनीं हुद्दा सोडला, आणि पेन्शनहि नाकारलें. ज्याच्या पोटाला दुसरा आधार नाहीं त्यास ह्याची किंमत सांगावयास नको. प्रकृति बिघडल्यामुळें ते विलायतेस गेले. इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी ह्यांनीं १८४७ सालीं पुरा केला.

तथापि १८५१ सालीं, उतारवयाकडे झुकलेले मोल्सवर्थ जुना कोश सुधारण्यासाठीं पुन्हां आले. दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तींत सुमारें ६०,००० शब्द होते. लोक त्यांस मोलेसरशास्त्री म्हणूं लागले. बाबा पदमनजी ह्यांनीं १८६३ सालीं त्या कोशाचा संक्षेप केला. मोल्सवर्थ १८७१ सालीं इंग्लंडांत वारले. १९७५ सालीं पुण्यास कोशाचें पुनर्मुद्रण झालें, आणि आतां तर संगणकावरहि त्यांतील शब्द शोधतां येतो.