येलदरी ते जायकवाडी : मराठवाड्यात पाणी अडवणाऱ्या ‘हेडमास्तरां’ची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात येलदरी नावाचं गाव आहे. गाव छोटं, पण नाव मराठवाडाभर माहीत. कारण इथं पूर्णा नदीवर धरण आहे. येलदरीतून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांतल्या शेतात पोहोचतं. परभणी शहराची तहानही याच पाण्यावर भागते. पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीज केंद्र आहे.

हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा राज्याचं पाटबंधारे खातं शंकरराव चव्हाणांकडे होतं. पुढं ते दोनदा मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्री झाले. पण मराठवाड्यात त्यांचं नाव आजही निघतं ते पाण्यासाठी.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, गाव पैठण. संत एकनाथांची पैठण नगरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. शिकून वकील झालेले शंकरराव स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावाखाली हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. नांदेड ही त्यांची कर्मभूमी ठरली. तिथं ते नगराध्यक्ष झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भाला विकासाचा निधी, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं ठरलं होतं. पण कागदावरचा वाटा पदरात पडायचा तर सत्तेत बसून तो ओढून आणणारा माणूस हवा होता. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि पाटबंधारे व वीज खातं शंकररावांकडे आलं. त्यांनी ही संधी सोडली नाही.

खरी कसोटी लागली ती जायकवाडीला. गोदावरीवरच्या धरणाची मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होती. नंतर धरण बरंच वर, पैठणला बांधायचं ठरलं. नाव मात्र जायकवाडीच राहिलं. धरण वर असेल तर कालव्याचं पाणी जास्त जमिनीपर्यंत नेता येतं, हे त्यामागचं साधं गणित. पण त्यामुळं नगर जिल्ह्यातल्या शेवगाव, नेवाशाकडची जमीन पाण्याखाली जाणार होती. तिकडून विरोध झाला. शंकरराव मागं हटले नाहीत. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेच्या जलाशयाला एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हटलं गेलं. शेजारी संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. पैठणचा वारसा असा धरणाशी जोडला गेला.

या पाण्यानं फक्त ऊस पिकवला नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथल्या औद्योगिक वसाहती याच पाण्यावर वाढल्या. मराठवाड्यातल्या हजारो तरुणांना गावाजवळ काम मिळालं. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन योजनेमागंही शंकररावच होते. तिथल्या जलाशयाला आज त्यांचंच नाव आहे.

शिस्तीच्या बाबतीत ते इतके कडक होते की राजकारणात त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. म्हणजे गेल्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदा पैसे मिळणार नाहीत, प्रत्येक खर्चाची गरज नव्यानं पटवून द्यायची.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. त्यांची पहिली मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द बरीचशी आणीबाणीत गेली. बाबरी मशीद पडली तेव्हा केंद्रीय गृहमंत्री तेच होते, त्यामुळं त्यांच्यावर टीका झाली. आणि धरणांची किंमत मोजली ती बुडालेल्या गावांनी. एका गावाच्या शेतात पाणी आलं, तेव्हा दुसऱ्या गावाचं शेतच गेलं.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकररावांचं निधन झालं. त्यानंतरच्या वर्षी, २००५ मध्ये, राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व त्यात आलं. तरीही पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं, यावरून वाद पेटतो. येलदरीच्या वरच्या बाजूला बुलढाणा जिल्ह्यात आता खडकपूर्णा धरण आहे, त्यामुळं तिथंही लोकांचं लक्ष आभाळासोबत वरच्या धरणाकडं असतं.

धरणं बांधून शंकररावांनी मराठवाड्याला पाणी साठवायला जागा दिली. त्या जागेत दरवर्षी हक्काचं पाणी येईल याची तजवीज करणं मात्र पुढच्या पिढ्यांवर राहिलं आणि ते काम अजून अर्धंच आहे.