पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था आहे, पण हे आघारकर वेगळे!

रंकाळ्यात केंदाळ वाढलं की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. लोक फोटो टाकतात आणि मग ते काढायची मोहीम निघते. काढलेल्या ढिगानं पाण्यातून काय काय पिऊन घेतलंय, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ती का व्हायला हवी, हे समजून घ्यायला एका मालवणी माणसाची गोष्ट माहीत पाहिजे.

त्यांचं नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुण्यात त्यांच्या नावाची संशोधन संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे, त्यामुळं बरेच जण ती सुधारककार आगरकरांचीच समजतात. घोटाळा होणारच!

आघारकरांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. शाळा धारवाडला, कॉलेज मुंबईत एल्फिन्स्टनला. पुढं तिथंच ते जीवशास्त्र शिकवायला लागले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकायचं. असंच फिरताना १९११ च्या सुमारास कोयना खोऱ्यात त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात चक्क जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, तो घाटातल्या नदीत कसा? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तो तपासला. त्याचं नाव पडलं लिम्नोक्निडा इंडिका. या कुळातले जेलीफिश तोवर आफ्रिकेतल्या पाण्यात माहीत होते. सातारच्या नदीचं नातं थेट आफ्रिकेशी निघालं आणि विशीतल्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

कलकत्ता विद्यापीठानं त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमलं आणि १९१४ मध्ये अभ्यासाला जर्मनीला धाडलं. नेमकं त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. हिंदुस्थान इंग्रजांचा, म्हणजे आघारकर जर्मनांच्या लेखी शत्रूदेशाचे नागरिक. त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. दुसरा कुणी असता तर सुटका होताच पहिली बोट पकडली असती. हे मात्र बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले.

पुढं १९४६ पर्यंत कलकत्त्यात नोकरी. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. १९६० मध्ये निधन होईपर्यंत तेच तिचे संचालक होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. तिथं हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवून, नाव-गाव-तारीख लिहून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह.

सुकलेला पाला जपून काय मिळतं? उत्तर त्यांच्या पश्चात स्वीडनमधून आलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी रूलिंग आणि टायलर या शास्त्रज्ञांनी जुन्या संग्रहांतलं मॉस तपासलं. मॉस म्हणजे पावसाळ्यात दगडावर येणारी हिरवी मखमल, जिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. १८६० पासूनच्या नमुन्यांत शिशाचं प्रमाण कसं चढत गेलं, ते त्यात स्पष्ट दिसलं. हवेचा शंभर वर्षांचा हिशेब कपाटात पडून होता.

नदीतही हेच चालतं. मॉसला खरी मुळं नसतात, पानावर मेणाचा जाड थर नसतो. त्यामुळं पाण्यातलं तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम थेट पानाला चिकटतं. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या क्षणाचं सांगतं. रात्री कुणी सांडपाणी सोडलं तर सकाळच्या बाटलीत ते सापडेलच असं नाही. पण झाड तिथंच उभं असतं, आठवडेच्या आठवडे. म्हणून युरोपात स्वच्छ मॉस जाळीच्या पिशवीत भरून नदीत ठिकठिकाणी टांगतात, काही आठवड्यांनी काढून वाळवतात आणि प्रयोगशाळेत धातू मोजतात. कुठल्या पिशवीनंतर आकडा वाढला ते बघितलं की धातू कुठून मिसळतोय ते कळतं.

आता पंचगंगेकडं या. कोयना कराडला कृष्णेला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. म्हणजे आघारकरांची नदी आणि आपली नदी शेवटी एकच. पंचगंगेचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेलं आहे. काठच्या मुलखात फाउंड्र्या आहेत, इचलकरंजीचा कापडधंदा आहे, हुपरीचं चांदीकाम आहे. आणि मॉसच्या पिशव्या टांगायच्या आधीच केंदाळ फुकटात हजर आहे. ते धातू ओढून घेतं, पण पानांपेक्षा मुळांत जास्त साठवतं. त्यामुळं एका ठिकाणचं मूळ आणि दुसऱ्या ठिकाणचं पान अशी तुलना केली तर सगळं गणित चुकतं.

काढलेलं केंदाळ काठावर कुजलं तर शोषलेला धातू पावसाबरोबर परत पाण्यात जातो. खत करून शेतात टाकलं तर मातीत. त्यामुळं ढीग उचलून लांब नेणं हे पहिलं काम, आणि खत करायचं असेल तर आधी मुळं तपासून घेणं हे दुसरं. त्यातल्या दोन-चार मुळ्या वाळवून, जागा आणि तारीख लिहून एखाद्या कॉलेजच्या हर्बेरियमला दिल्या, तर पन्नास वर्षांनी कुणालातरी आजची पंचगंगा मोजता येईल.